स्वस्तातलं स्पिनिंग रीळ: आधी मीठ, मग मासा

गळाने मासे धरायचं माझं पहिलं स्पिनिंग रीळ तेरा बेअरिंगांचं होतं. खोक्यावर सोनेरी अक्षरांत तसं छापलेलं होतं आणि मी तेवढंच वाचून ते घेतलं. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तसल्या खोक्यांना तोटा नाही. दोन महिने खाऱ्या पाण्यात वापरल्यावर हँडल फिरवताना चिरचिर ऐकू यायला लागली. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली, लाइन पिंजारली आणि फेकताना मधूनच तुटायला लागली. शेवटी एका रविवारी वर्तमानपत्र पसरून रीळ उघडलं. आतले गिअर ठीक होते. गेला होता तो बेलच्या, म्हणजे लाइन पकडणाऱ्या तारेच्या कमानीच्या, टोकाशी असलेला वाटाण्याएवढा रोलर, ज्याच्यावरून लाइन काटकोनात वळून स्पूलवर, म्हणजे ती गुंडाळली जाते त्या कांडीवर, जाते. त्याच्या पोटातलं बेअरिंग गंजून घट्ट बसलं होतं, सुईने टोचलं तर तपकिरी भुकटी पडली. रोलर फिरेना म्हणून लाइन एकाच जागी घासत राहिली होती आणि नख अडकेल एवढी चर तिने त्या धातूत पाडली होती. बारा बेअरिंगं ठणठणीत, तेराव्याने घात केला.

त्या रिळावर मी काढलेला सगळ्यात मोठा मासा दीड किलोचाही नसेल. म्हणजे माशाने रीळ मोडलं असं म्हणायची सोय नव्हती.

गोड्या पाण्यासाठी हलकं रीळ आणि खाऱ्यासाठी दांडगं, असं सगळे सांगतात. मोठ्या माशांपुरतं ते खरंही आहे. पण बजेटमधली रिळं मरतात ती बहुतेक वेळा मिठाने. म्हणून थोड्या पैशांत दोन्हीकडे चालेल असं रीळ हवं असेल, तर ते किती ओढेल हे नंतर विचारा. आधी बघा, मीठ कुठून आत शिरेल आणि शिरल्यावर कशाला खाईल.

आत काय चालतं

शिलाईच्या दोऱ्याचं रीळ उभं धरा आणि दोरा वरच्या टोकाकडून ओढा. रीळ फिरत नाही, दोरा वेढ्यावेढ्याने सुटत येतो. स्पिनिंग रिळाचं तत्त्व एवढंच. इंग्लंडमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्याने १९०५ मध्ये अशा रिळाचं पेटंट घेतलं, आणि सुताच्या कांड्या रोज बघणाऱ्याला ते सुचावं यात नवल नाही. स्पूल जागच्या जागी असल्यामुळे हलकं आमिषही लांब जातं. जड स्पूल फिरवायला लागणारी ताकद वाचते आणि स्पूल जास्त फिरून गुंता होण्याची भीतीही राहत नाही.

लाइन परत गुंडाळताना स्पूलभोवती रोटर फिरतो. त्याच्या एका हाताला तो रोलर असतो. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाच-सहा फेरे मारतो आणि त्याच वेळी स्पूल वर-खाली होत राहतो, म्हणजे लाइन एकाच जागी साचत नाही. हँडल उलटं फिरू नये म्हणून एक क्लच असतो. मासा जोरात ओढायला लागला की स्पूलच घसरून लाइन सोडतो, तो ड्रॅग.

आकडा म्हणजे माप नव्हे

१०००, २५००, ४०००, ६००० हे आकडे शर्टाच्या मापासारखे आहेत: एका कंपनीचं एल दुसरीच्या एमएवढं. ते मिलिमीटर नाहीत, ग्रॅम नाहीत, मीटरही नाहीत. एकाच कंपनीतही घोळ होतो. दाइवाने २०१८ च्या सुमारास एलटी मालिका आणली तेव्हा आकड्यांची पद्धतच बदलली. जुन्या पद्धतीतलं ३००० आणि नव्यातलं ४००० साधारण एकाच अंगाचं असतं. शिमानो कंपनीच्या रिळावर आकड्याआधी ‘सी’ असेल, उदाहरणार्थ सी३०००, तर ते स्पूल मोठा आणि अंग धाकट्याचं असं रीळ.

त्यामुळे दोनच गोष्टी वाचा: वजन, आणि स्पूलवर किती जाडीची लाइन किती मीटर मावते ते. तुमच्या लाइनची जाडी तिथे दिलेली नसेल तर हिशोब सोपा आहे. जाडीच्या वर्गाप्रमाणे जागा लागते. स्पूलवर ०.३० मिमी तंगूस (नायलॉनची एकपदरी लाइन) २०० मीटर मावतो असं लिहिलं असेल, तर ०.२० मिमी लाइन किती मावेल? ०.३० ला ०.२० ने भागा, १.५. त्याचा वर्ग २.२५. म्हणजे साधारण ४५० मीटर. ब्रेडेड लाइन त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा निम्मी किंवा त्याहून बारीक असते. म्हणून ब्रेडेड वापरणाऱ्याला अवाढव्य स्पूलची गरज नसते, हे या एका गुणाकारातून कळतं.

ढोबळ अंदाज द्यायचा तर लहान माशांसाठी, ओढ्या-तळ्यांवर १००० ते २५००. मोठं तळं, नदी, खाडीचं निमखारं पाणी यासाठी २५०० ते ४०००. किनाऱ्यावरून लांब फेकायचं आणि लाटांतून ओढायचं असेल तर ५००० च्या पुढे. दोन्हीकडे एकच रीळ हवं असेल तर मी ३००० किंवा ४००० घेईन, आणि जास्तीचा स्पूल मिळतो का ते विचारीन. एका स्पूलवर बारीक तंगूस, दुसऱ्यावर ब्रेडेड. वरचा नॉब फिरवला की स्पूल निघतो. दोन स्वस्त रिळांपेक्षा एक बरं रीळ आणि दोन स्पूल, हा सौदा मला कधीही पटतो.

ड्रॅग किती, त्यापेक्षा कसा

खोक्यावरचा सगळ्यात फसवा आकडा ड्रॅगचा. ‘१५ किलो’ वाचलं की छाती फुगते. पण तुमची लाइन ७ किलोला तुटणारी असेल, तर ड्रॅग तिच्या २५ ते ३० टक्क्यांवर लावायचा अशी जुनी रीत आहे, म्हणजे १.७५ ते २.१ किलो. मग वरचे तेरा किलो कशाला? शंका वाटत असेल तर रॉडच्या टोकाला ताणकाटा बांधून ५ किलोपर्यंत ओढून बघा. काटा ५ वर पोचायच्या आधी मनगट दुखायला लागतं.

आता इतकं कमी का लावायचं? एक कारण, लाइन रॉडच्या कड्यांतून वळत जाते आणि तिथलं घर्षण ड्रॅगमध्ये मिळवलं जातं. दुसरं कारण कमी जणांच्या ध्यानात येतं. ड्रॅगच्या चकत्यांची पकड तीच राहते, पण लाइन सुटत गेली की स्पूलवरच्या वेढ्यांचा व्यास कमी होतो, आणि लहान व्यासावरून स्पूल फिरवायला जास्त जोर लागतो. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिमी असताना तुम्ही ड्रॅग २ किलोवर लावला. माशाने लाइन ओढून नेली आणि व्यास ३५ मिमी झाला. नॉबला कुणी हात लावलेला नाही, तरी ड्रॅग आता २ × ५० ÷ ३५, म्हणजे जवळपास २.९ किलो आहे. मासा लांब गेला की घाबरून नॉब आवळणारे लाइन तोडून घेतात ते यामुळेच. तिथे नॉब थोडा सैल करायचा असतो.

स्वस्त रिळात तपासायचा तो ड्रॅगचा गुळगुळीतपणा. चकत्या चिकटलेल्या असल्या की आधी काहीच हलत नाही आणि मग एकदम सुटतं. त्या पहिल्या झटक्यातच लाइन तुटते किंवा गळ माशाच्या तोंडातून निसटतो. चकत्या साधारण दोन प्रकारच्या असतात. तेलात भिजलेलं फेल्ट हलक्या कामाला छान असतं, झटका कमी देतं, पण जोराची लांब ओढ झाली की तापतं आणि पकड बदलते. कार्बन फायबर तापमान सहन करतो आणि ओला झाला तरी फारसा बिघडत नाही, म्हणून खाऱ्या पाण्याच्या रिळांत तो जास्त दिसतो. पेन नावाच्या कंपनीच्या रिळांवर ‘एचटी-१००’ लिहिलेलं असतं, ते त्यांच्या कार्बनच्या चकत्यांचं नाव. फक्त गोड्या पाण्यात लहान मासे धरायचे असतील तर फेल्टला नाक मुरडू नका.

मीठ काय करतं

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी सुकतं, मीठ राहतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि रीळ कोरड्या खोलीत ठेवलं आहे असं तुम्हाला वाटत असताना आत खारट ओल टिकून राहते.

बेअरिंगवर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असतं, पण स्टेनलेस म्हणजे कधीच न गंजणारं असं नव्हे. बेअरिंगचं पोलाद कडक हवं असतं, आणि कडकपणासाठी त्यात जे मिसळावं लागतं त्याने गंजाला तोंड देण्याची ताकद कमी होते. घरातल्या सुरीला डाग पडतात, चमच्याला पडत नाहीत, तसंच काहीसं. शिमानोच्या ‘ए-आरबी’ किंवा दाइवाच्या ‘सीआरबीबी’ बेअरिंगांना गंजरोधक बनवलेलं असतं. स्वस्त रिळात ती सगळीकडे मिळणार नाहीत, पण निदान लाइन रोलरमध्ये तरी तसं काही आहे का हे विचारायला हवं. नसेल तर रोलरमध्ये बेअरिंगच नसून साधी प्लास्टिकची बुश, म्हणजे पोकळ नळी, आहे का तेही बघा. हे ऐकायला उलटं वाटेल, पण न गंजणारी बुश गंजक्या बेअरिंगपेक्षा बरी. तिला फक्त अधूनमधून तेलाचा थेंब लागतो.

यावरून बेअरिंगांच्या संख्येचंही कळतं. पिनिअनला, म्हणजे मुख्य गिअरने फिरणाऱ्या लहान गिअरला, एक, मुख्य गिअरच्या दोन बाजूंना दोन, जमलंच तर रोलरला एक. चार-पाच चांगली असली की काम झालं. बाकीची हँडलच्या मुठीत नि इकडेतिकडे खोक्यावरची संख्या फुगवायला बसवलेली असतात. प्रत्येक जास्तीचं स्वस्त बेअरिंग म्हणजे गंजायची आणखी एक जागा.

मिठाचा दुसरा खेळ दोन धातूंमधला. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी स्क्रू, मध्ये खारट ओल: झाली बारकी बॅटरी तयार. त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रूभोवती पांढरी पूड धरते. रंगाचा टवका उडालेल्या जागीही तेच, रंगाखाली फोड येतात. ग्रॅफाइटचं, म्हणजे खरं तर तंतू मिसळलेल्या प्लास्टिकचं अंग गंजत नाही. पण जोर आला की ते लवतं, गिअरचे दाते तिरके बसतात आणि खात सुटतात. मग घ्यायचं कुठलं? लहान रिळात, म्हणजे ३००० पर्यंत, ग्रॅफाइट खाऱ्या पाण्यातही मला चालतं, कारण तिथे अंग लवेल एवढा जोर लावायचाच नसतो. ५००० च्या पुढे मात्र धातूचं अंगच. उदाहरण द्यायचं तर शिमानो सिएना हे ग्रॅफाइटच्या अंगाचं साधं रीळ आहे, तर पेन बॅटल आणि दाइवा बीजी धातूच्या अंगाची. नावापुढची अक्षरं किंवा रोमन आकडे पिढी दाखवतात. नवी पिढी आली की आधीची उतरत्या भावात निघते, आणि एका पिढीचा फरक पाण्यावर सहसा जाणवत नाही.

आता ‘वॉटरप्रूफ’ शब्दाबद्दल. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याच्या झोताला तोंड देणारं, आयपीएक्स ८ म्हणजे कंपनीने सांगितलेल्या खोलीवर बुडवलं तरी चालणारं. त्यातल्या ‘एक्स’चा अर्थ मात्र असा की धूळ-वाळूबद्दल काहीच सांगितलेलं नाही, आणि किनाऱ्यावर वाळू पाण्याइतकीच वाईट. शिवाय असा दर्जा नव्या रबरी सीलसाठी असतो; सील झिजतात, आणि एकदा आत गेलेलं मीठ तेच सील बाहेर पडू देत नाहीत. बजेट तंग असेल तर सगळं रीळ सीलबंद असायचा हट्ट सोडा, फक्त ड्रॅगला आणि क्लचला सील आहे का बघा. क्लचमध्ये मीठ किंवा जास्तीचं ग्रीस गेलं की तो घसरतो, आणि मासा लागल्यावर हँडल उलटं फिरून बोटांवर बसतं. एकदा खाल्लेला तो फटका विसरत नाही.

गिअर

स्वस्त रिळात मुख्य गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो आणि पिनिअन पितळेचा. हलक्या कामाला जस्त पुरतं. जड आमिष रोज ओढणार असाल तर ठोकून घडवलेल्या ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा गिअर शोधा.

५.२:१ म्हणजे हँडलचा एक फेरा, रोटरचे ५.२ फेरे. स्पूलचा व्यास ५० मिमी असेल तर परीघ १५७ मिमी, गुणिले ५.२, म्हणजे एका फेऱ्यात साधारण ८२ सेंटिमीटर लाइन आत येते. ६.२ चं रीळ भरभर ओढतं पण जोर कमी लागू होतो आणि दात्यांवर ताण येतो. एकच रीळ घ्यायचं तर ५ च्या आसपासचं घ्या.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गिअरला वाचवते: मासा हँडलने ओढू नका. रॉड उचलून मासा जवळ आणा, मग रॉड खाली नेता नेता सैल झालेली लाइन गुंडाळा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहणं तर सगळ्यात वाईट. लाइन आत येत नाही, उलट हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला तिला पाचेक पीळ पडतात. पुढच्या फेकीला स्पूलवरून जो केसांच्या गुंत्यासारखा गोळा सुटतो, त्याला लोक रिळाचा दोष म्हणतात.

हातात घेतल्यावर

रीळ विकत घेण्याआधी पाच मिनिटं मागून घ्या. कानाजवळ धरून हँडल अगदी सावकाश फिरवा. भरभर फिरवल्यावर सगळीच गुळगुळीत वाटतात. दाते घासल्यासारखं बोटांना जाणवलं तर दुसरा नग मागा, एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. रोटर बोटाने मागेपुढे ढकला, त्याला उलट्या बाजूला प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, नको. बेल उघडून हाताने बंद करा, तार दोन्ही टोकांना घट्ट हवी. वापरतानाही ती हातानेच बंद करत जा, हँडल फिरवून नको; स्प्रिंग टिकते आणि लाइनला सैल वळसा पडत नाही.

मग रोलर. लाइनचा तुकडा त्यावरून ताणून पुढे-मागे ओढा. रोलर फिरला पाहिजे, लाइन नुसती घसरता कामा नये. ही चाचणी करताना मी आजवर फार थोडी माणसं पाहिली आहेत.

ड्रॅगचा नॉब अर्धा सैल करून स्पूल हाताने फिरवा. टिकटिक एकसारखी यायला हवी, अडखळत नको. हँडल आट्यांनी थेट गिअरमध्ये बसणारं असेल तर उत्तम; लांब स्क्रूने आरपार बांधलेलं असेल तर थोडा लडबड करणारच, ते बजेटमध्ये चालवून घ्या. वापरलेलं रीळ घेत असाल तर स्क्रूंची डोकी बघा. खाच झिजलेली असेल तर कुणीतरी उघडलेलं आहे, भोवती पांढरी पूड असेल तर कुणी उघडलेलंच नाही.

स्पूल भरताना काठापर्यंत गच्च भरू नका, दोन-तीन मिमी मोकळं ठेवा. ब्रेडेड थेट स्पूलवर गुंडाळली तर सगळी गुंडाळीच फिरते आणि ड्रॅग बिघडल्यासारखं वाटतं. खाली तंगुसाचे काही वेढे घ्या.

परत आल्यावर

खाऱ्या पाण्यावरून आलात की जेवायच्या आधी हे करा. ड्रॅगचा नॉब पूर्ण आवळा, म्हणजे चकत्यांत पाणी जाणार नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली रीळ धरा आणि हँडल थोडं फिरवा. जोराचा फवारा मारू नका, तो मीठ धुण्याऐवजी आत ढकलतो. बादलीत बुडवून ठेवणं त्याहून वाईट. झटकून, पुसून सावलीत वाळवा. वाळल्यावर ड्रॅग सैल करा, नाहीतर चकत्या दाबून चिकटतात आणि पुढच्या वेळी तो पहिला झटका तयार असतो. रोलरला, बेलच्या सांध्याला आणि हँडलच्या मुठीला एकेक थेंब तेल. गंज सोडवायचा फवारा तेल म्हणून वापरू नका, तो आतलं ग्रीस पातळ करून घालवतो.

गोड्या पाण्यावरून आलात तर एवढा सोपस्कार लागत नाही, चिखल पुसला तरी पुरे. पण रोलरचा थेंब तेव्हाही चुकवू नका.

खोक्यात घडी घालून ठेवलेला एक कागद असतो. त्यावर रिळाचे सगळे भाग सुटे करून दाखवलेले असतात, प्रत्येकाला नंबर. तो जपून ठेवा. रोलरचं बेअरिंग गेलं तर त्या नंबरवरून मागवता येतं. ते न मिळालं तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापं घेऊन साधं बेअरिंगही बसतं. माझ्या त्या तेरा बेअरिंगांच्या रिळाचा कागद मी खोक्याबरोबर पहिल्याच दिवशी फेकून दिला होता.